लाल गाडीपुरती वाट

माझ्या सासूनं लेकीच्या घरचं पाणी कधी प्यायलं नव्हतं. आमच्यात जुन्या बायका पाळतात हे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. हल्ली कोण पाळतं? माझी आई माझ्या लग्नानंतर महिन्याभरात आली, चहा प्यायली, जेवली आणि जाताना तूपही बांधून घेऊन गेली. पण कमळाबाई म्हणजे कमळाबाई. रत्नाला, म्हणजे माझ्या नणंदेला, मूल व्हायला फार उशीर झाला. तेवढी सगळी वर्षं ही बाई वरव्याला, रत्नाच्या सासरी, फिरकली नाही. शेवटी नातू झाला, अमृत, तोवर आत्यांचे गुडघे गेले होते. मी सासूला आत्याच म्हणते.

आमची वस्ती वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या कुशीत. पाच घरं, म्हशी, शेळ्या, आणि खाली उतरायला एक कच्ची वाट. माझा नवरा सोनबा रोज पहाटे मोटरसायकलला दुधाचे कॅन बांधून त्या वाटेनं उतरतो. आत्या मात्र अंगणापासून गोठ्यापर्यंत जायचं तरी भिंत धरून जातात. मोटरसायकलवर त्यांना पाय टाकता येत नाही.

सोनबा म्हणाला होता, "जीप ठरवतो. घंट्याभरात रत्नाच्या दारात."

"भाड्याच्या गाडीत बसून जाऊ?" आत्या कडाडल्या. "पैल्यांदा लेकीच्या दारात उतरायचं आन् न्यायला कोन न्हाई? मूळ येऊ दे. जावई येऊ दे. मग जाईन."

मूळ म्हणजे बाईला मानानं न्यायला आलेला माणूस. ते आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा हट्ट. मला त्या हट्टाचा संताप यायचा. पण खरं सांगायचं तर त्यात त्यांची काही चूक नव्हती, कारण जावयानं तसा शब्दच दिला होता.

रोहिदास, रत्नाचा नवरा, वरव्याजवळच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याचा बाप आमच्यासारखाच म्हशी राखत राखत डोंगरावरून खाली उतरलेला. त्यानं हप्त्यांवर पांढरी गाडी घेतली होती, सात माणसं बसतील अशी, उंच चाकांची. बाळाला घेऊन तो एकदाच त्या गाडीनं वर आला. आत्यांनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला. सासरे, म्हणजे बिरूमामा, इतके हरखले, की नातवाला दूध मिळावं म्हणून त्यांनी एक दुभती शेळी गाडीच्या मागच्या बाजूला चढवली. शेळीनं वाटेत शेळीचं काम केलं. रत्ना नंतर सांगत होती, नसरापूरपर्यंत सगळ्या काचा उघड्या, आणि रोहिदास तोंडातून शब्द काढत नव्हता. पण त्या दिवशी निघताना तो आत्यांना म्हणाला होता, "मामी, जावळाला तुमाला न्यायला मी स्वतः येतो. ह्याच सीटवर बसवून नेतो."

तेव्हापासून आत्या त्या सीटवर बसूनच होत्या म्हणा ना. हिरवं लुगडं वेगळं काढून ठेवलं. घडीची घोंगडी काढून उन्हात घातली. जावळ कधी, एवढंच विचारायच्या.

मग एक दिवस रत्नाचा फोन आला. "वयनी, ह्यांनी पांढरी गाडी इकली. कर्ज मिटलं म्हनं. आता जुनी घेतलीया, रोज कंपनीत जायला यायला."

आम्हाला ते शहाणपणाचंच वाटलं. डोक्यावरचे हप्ते गेले, वाईट काय? आणि जुनी म्हटल्यावर मामांना वाटलं, जुनी जीप असणार. ते तर जास्तच खूश झाले. म्हणाले, "जुनी जीप म्हंजे बैल. कुठंबी चढती."

ती गाडी आम्ही वेल्ह्याच्या बाजारात पाहिली. मी आणि मामा पेंडेचं पोतं आणायला गेलो होतो. एसटी स्टँडजवळ पोरांचा घोळका, आणि मधे ती. लालभडक. इतकी बुटकी, की मामा उभे राहिले तर टप त्यांच्या छातीला लागत होता. मागे पंखासारखं काहीतरी बसवलेलं, आणि आवाज असा की बाजूच्या भाजीवालीनं कानावर हात ठेवले. पुण्याच्या कुणा हौशी पोराची होती म्हणे, त्यानं स्प्रिंगा बदलून अजून खाली बसवली होती. रोहिदास काळा गॉगल लावून दारापाशी उभा होता. त्याचा चेहरा मात्र मला आठवतो, लहान पोरासारखा खुलला होता. त्या माणसाला आयुष्यात कधी कुणी वळून पाहिलं नसेल, ते आता बघत होते. पुढच्या सीटवर रत्ना, मांडीवर अमृत.

मामांनी आधी नातवाचे गाल ओढले, मग गाडीला एक चक्कर मारली. "आन् मग कमळीला कवा नेताय?" त्यांनी विचारलं.

रोहिदास हसला. "मामा, हिचं पोट बघितलं का? तुमच्या वाटंवर आणली तर इंजिनाची खालची तबकडी फुटंल. तिकडं दगड काय थोडं हायती का? वाट नीट असती तर आजच आलो असतो की."

हे त्यानं सहज म्हटलं. कुणालाही कळलं असतं, की जावयानं अंग काढून घेतलं. रत्नाला कळलं, ती समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत राहिली. मलाही कळलं. मामांना कळलं नाही. त्यांनी मुंडासं काढून माझ्या हातात दिलं आणि ते भर बाजारात रस्त्यावर पालथे झोपले. गाडीखाली हात घातला, जमिनीवर टेकवला, वर पसरला.

"वीत," ते खालूनच ओरडले. "वीत, पन दोन बोटं कमी."

घोळका फुटला हसून. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले. एकजण म्हणाला, "आजोबा, ऑइल बदलून टाका आता!" रोहिदासही हसला, पण मान दुसरीकडे करून. मामा उठले, कोपरांची धूळ झटकली आणि जावयाला म्हणाले, "तुमी काळजी करू नगा. वाट करतो."

दुसऱ्या दिवसापासून ते वाट करायला लागले. बाभळीची काठी तोडली, वितीला दोन बोटं कमी एवढ्या दोन खुंट्या तासल्या आणि काठीच्या दोन टोकांना पायांसारख्या ठोकल्या, म्हणजे काठी गाडीच्या पोटाइतकी उंच. ते डुगडुगतं लाकूड वाटेवरून ओढत न्यायचं. जिथं काठी दगडाला अडेल, तो दगड काढायचा. निघत नसेल तर पहारीनं फोडायचा. खड्ड्यात मुरूम. पुन्हा काठी ओढायची. शेळ्या धाकट्या जावेच्या पोरांवर टाकून हा म्हातारा दिवसभर वाटेवर गुडघ्यांवर.

वस्तीवर तर चेष्टेला ऊत आला. "बिरू घाट बांधतोय," "जावयाला टोल मागा," असं काय काय. सोनबा पहिले काही दिवस रागानं बोललाच नाही, मग एका संध्याकाळी टिकाव घेऊन गेला. मग मीही घमेलं घेतलं. राग माझाही होता आणि तो मी त्याच वाटेवर मामांना ऐकवला.

"मामा, माझ्या पोराच्या टायमाला मला ह्याच वाटेनं घोंगडीच्या झोळीत उतरवली होती. बांबूला बांधून, चार मानसांनी. दर दगडाला ठेच, दर ठेचेला माझी किंकाळी. तवा एक तरी दगड काढला का कुनी?"

मामांनी पहार थांबवली. थोडा वेळ दगडाकडे बघितलं. "तवा सुचलंच न्हाई," ते म्हणाले, आणि पुन्हा पहार मारली. मला त्यांच्या डोक्यात घमेलं घालावंसं वाटलं. पण त्यांच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं आणि त्यावर त्यांनी लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. मी मुरूम ओतला आणि वर गेले.

वाट झाली. खरंच झाली. वळणावर गाडी फिरवायला त्यांनी उतार कापून सपाट जागासुद्धा केली. सोनबानं मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला, खाली जाऊन रोहिदासला पाठवला. त्याच दिवशी उत्तर आलं, "एक नंबर! रविवारी येतो."

आत्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

रविवारी सकाळी मी त्यांना न्हाऊ घातलं. केस विंचरले, हिरवं लुगडं नेसवलं. गाठोड्यात तूप, नाचणीचं पीठ, नातवाला घुंगरांची करदोटी. मी चहा पुढे केला तर त्यांनी हात आडवा धरला.

"आज काय नगं. आज पानी प्यायचं ते रत्नाच्याच घरचं."

"आत्या, दुपार होईल. ऊन हाय."

"हूं दे. येवढी वर्सं थांबले, दुपारपातूर न्हाई थांबायची?"

गाडी घरापर्यंत येणार नाही, वळणावरच फिरेल, म्हणून मी आणि सोनबानं त्यांना हाताला धरून वळणापर्यंत नेलं. तिथं घोंगडी अंथरली. त्या बसल्या, गाठोडं मांडीवर. जावळाला मामाची मांडी लागते, म्हणून सोनबानंही धुतलेला सदरा घातला होता, तो मोटरसायकलवर मागून जाणार होता. मामा खाली उतरून वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

आवाज आधी आला. मग लाल रंग. वाट खरोखर मापात झाली होती, ती गाडी कुठेच घासली नाही. मामा तिच्या पुढे पुढे पळत येत होते, एखादा निसटलेला खडा उचलून बाजूला फेकत, हातानं या या करत. त्या वयात चढावर पळत. गाडी वळणावर थांबली आणि आतून रोहिदास उतरला. त्याच्यासोबत त्याचे तीन मित्र. गाडी भरलेली होती. रत्ना नव्हती, अमृत नव्हता.

त्यांच्यातल्या एकानं पेटीतून उडणारा कॅमेरा काढला. समोर तोरणा स्वच्छ दिसत होता. "लोकेशन कडक आहे रे," तो म्हणाला. "इथं गाडी वर येण्यासारखा रस्ता आहे, खरं वाटत नाही."

रोहिदास पाया पडला नाही. लांबूनच मान हलवली. आत्यांनी पदर सारखा केला, गाठोडं उचललं, सोनबाच्या खांद्याला धरून उठायला लागल्या. तेवढ्यात तो मित्र म्हणाला, "रोहिदास, त्या आजींना जरा बाजूला घेशील का? फ्रेममध्ये येतायत."

रोहिदास आत्यांपाशी आला. अगदी हळू, मित्रांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मामी, जरा बाजूला सरका."

आत्या सरकल्या. गुडघे वाकत नाहीत, तर पुन्हा खाली टेकल्या आणि घोंगडीसकट मागे मागे सरकल्या, दगडांच्या ढिगापर्यंत. मामांनी काढलेल्या दगडांचा तो ढीग.

मग तासभर गाडी वर आली, खाली गेली. वर आली, खाली गेली. चाकांखालचा मुरूम उडून मामांनी भरलेले खड्डे उघडे पडले. मामा दर खेपेला पुन्हा हातानं मुरूम ओढायचे. सोनबा रोहिदासच्या अंगावर जायला बघत होता. मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला होता, बहिणीचा संसार आहे रे बाबा म्हणून. आता वाटतं, सोडायला हवा होता.

झालं. कॅमेरा पेटीत गेला. मित्र गाडीत बसले. रोहिदास दार उघडतोय, तेव्हा आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "जावईबापू, मला कुठं बसायचं?"

"मामी, आज नुसती वाट बघायला आणली होती गाडी. बरोबर मानसं हायती ना. आता वाट झालीया, कवाबी येतो की." आणि तो बसला. लाल रंग वळणाआड गेला, आवाज बराच वेळ येत राहिला.

आम्ही आत्यांना घरी आणलं. मी तांब्या भरून पुढे केला, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मामा दिवे लागेपर्यंत वाटेवर मुरूम भरत होते. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "पुढल्या टायमाला नीट पायजे ना."

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल घेऊन मागच्या खडकावर गेले, तिथंच काय ती रेंज येते. तेवढ्यात रत्नाचाच फोन आला.

"वयनी, आये का आली न्हाई? म्या पुरनपोळ्या केल्या हुत्या. हे येकलेच आले. म्हनले, मामींचं गुडघं दुखतात, नगं म्हनल्या."

मी काहीच राखून ठेवलं नाही. लुगड्यापासून तासभराच्या खेपांपर्यंत सगळं सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. ती एवढंच म्हणाली, "त्यांनी टाकलेला व्हिडिओ धाडते. बघ." आणि फोन ठेवला.

व्हिडिओ छान होता, खोटं कशाला बोलू. वरून आमची वाट पांढऱ्या दोरीसारखी दिसत होती आणि तिच्यावर ती लाल गाडी. मागे गाणं. वळण आलं, की कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. तो जवळ येतो, तेव्हा दिसतं, एक म्हातारी दगडांच्या ढिगाला टेकून बसलीय, मांडीवर गाठोडं, आणि गाडी जवळून जाताना तिचा हात वर होतो. हजारो लोकांनी बदाम दिले होते. खाली कुणीतरी विचारलं होतं, "कोपऱ्यातली आजी कोण भाऊ?" आणि त्याखाली रोहिदासचं उत्तर, हसऱ्या तोंडाच्या चित्रासकट: "काय माहीत भावा, तिथलीच कोणी असेल."

मी घरी आले. आत्यांनी विचारलं, "रत्नाचा फोन हुता का? काय म्हनली?" मी तसाच उघडा ठेवलेला मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या. हिरवा ठिपका आला तसा त्यांनी बोट लावलं. "ही मी न्हवं? दिसती का नीट? रत्नानं बघितलं असंल." मग म्हणाल्या, "खाली काय लिवलंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. सासूबाई शोभतात असं लिहिलंय म्हटलं असतं, तरी त्यांनी मानलं असतं. पण माझ्या मनात त्या माणसाबद्दल इतकी आग होती, की मी वाचलं. एकेक शब्द वाचला. मामा दारात तंबाखू मळत होते, त्यांचाही हात थांबला.

आत्या म्हणाल्या, "खरंच बोलला की. आपुन कुठं त्याच्या घरचं पानी प्यालोय? वळख कशी ऱ्हाईल?"

मामा उठले, पहार उचलली. "समदे दगूड परत टाकतो. येक येक."

"ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाल्या. "पोरीला चढायला बरं पडंल."

आणि ती चढलीच. तिसऱ्या दिवशी दुपारी, वेल्ह्यापर्यंत एसटीनं आणि पुढं पायी, अमृतला कडेवर घेऊन. घामानं निथळत होती. अंगणात पोराला उतरवलं, आईच्या गळ्यात पडली नाही, आधी भावाला म्हणाली, "दादा, जावळ हितंच काढा. मामाची मांडी हितं हाय." मग खांद्यावरची पिशवी उघडली. आतून बाटली काढली. साधी प्लास्टिकची, पाण्यानं भरलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

"आये, माझ्या माठातलं हाय. सकाळी भरलं. तुला येता येईना म्हनून म्या आनलं."

मला वाटलं, संपलं आता, म्हातारी पिईल, दोघी रडतील, आणि घर पुन्हा घरासारखं होईल. आत्या रविवारच्याच हिरव्या लुगड्यात ओसरीवर पडल्या होत्या, मी त्यांना पाठीला हात लावून बसतं केलं.

आत्यांनी बाटली हातात घेतली. टोपण काढलं. बराच वेळ आत बघत राहिल्या. रविवारच्या उन्हानं त्यांचे ओठ फुटले होते.

"जावयानं धाडलंय?" त्यांनी विचारलं.

रत्ना ओलं फडकं पिळत राहिली.

"त्याला ठाव तरी हाय का, तू हितं आलीस त्ये?"

रत्नानं मान हलवली. नाही.

"येक घोट घे की आये," ती म्हणाली. "येवढी वर चढून आले."

मला तेव्हा सासूचा राग आला, अजूनही आहे. जावयाला देता आली नाही ती शिक्षा तिनं लेकीला दिली. आत्यांनी अमृतला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं आणि बाटली त्याच्या तोंडाला लावली.

"त्याच्या बापाचं पानी हाय. त्योच पिऊ दे."

पोर तहानलेलं होतं. दोन्ही हातांनी बाटली धरून घटाघटा प्यायलं, अर्धं अंगावर सांडलं, आणि खिदळलं. रत्ना अंगणात उभी होती तशीच उभी राहिली. आत्यांनी हिरव्या लुगड्याच्या पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि रिकामी बाटली तिच्या हातात परत दिली.